संचालन प्रणालीच्या स्थापनेत अंतर्गत ड्राइव्ह न आढळणे

संचालन प्रणालीच्या स्थापनेत अंतर्गत ड्राइव्ह न आढळणे ही संगणकाच्या वापरात नेहमी उद्भवणारी अडचण होय. विंडोज, लिनक्स यांसारखी संचालन प्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम, नव्याने बसवताना इन्स्टॉलर प्रथम संगणकातील साठवण साधनांची यादी दाखवतो आणि त्यांपैकी एक निवडण्यास सांगतो. ही यादी रिकामी असणे, किंवा तीत केवळ ज्यावरून स्थापना चालली आहे तो पेन ड्राइव्हच दिसणे, म्हणजे अंतर्गत हार्ड डिस्क किंवा एसएसडी इन्स्टॉलरला आढळलेली नाही. ड्राइव्ह निकामी झाला असा निष्कर्ष अशा वेळी चटकन काढला जातो. परंतु ड्राइव्ह धडधाकट असूनही योग्य ड्रायव्हर नसणे, फर्मवेअरमधील एखादी मांडणी किंवा सैल जोडणी यांमुळेही असे घडते. अडचणीचे मूळ नेमके कोणत्या पातळीवर आहे हे ठरवण्यापूर्वी केलेले उपाय ड्राइव्हवरील माहितीस धोकादायक ठरू शकतात.

## स्वरूप

या अडचणीशी साम्य असलेल्या, परंतु तिच्याहून भिन्न अशा काही परिस्थिती आहेत. त्यांचे उपाय वेगळे असल्याने त्या प्रथम वगळणे आवश्यक असते.

* ड्राइव्ह दिसतो, पण स्वीकारला जात नाही. यूईएफआय पद्धतीने सुरू झालेल्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉलर एमबीआर विभाजन-सारणी असलेल्या ड्राइव्हवर स्थापना करण्यास नकार देतो व जीपीटी सारणीची मागणी करतो. येथे ड्राइव्ह आढळलेला असतो. प्रश्न सारणीच्या प्रकाराचा असतो.
* ड्राइव्ह दिसतो, पण कोरा. नव्या ड्राइव्हवर एकही विभाजन नसते. इन्स्टॉलर तो 'अविभाजित जागा' म्हणून दाखवतो. यात दोष काहीच नाही.
* माध्यमाचा ड्रायव्हर नाही असा संदेश. ड्राइव्हांच्या यादीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच विंडोजचा इन्स्टॉलर कधी कधी माध्यमासाठी लागणारा ड्रायव्हर नसल्याचे सांगतो. या संदेशाचा रोख बहुधा अंतर्गत ड्राइव्हकडे नसून स्थापनेच्या पेन ड्राइव्हकडे किंवा तो जोडलेल्या यूएसबी पोर्टकडे असतो. पेन ड्राइव्ह नव्याने तयार करणे किंवा पोर्ट बदलणे हा त्यावरील उपाय होय.

या तिन्ही शक्यता बाजूला केल्यावर उरते ती खरी 'न आढळण्याची' अडचण.

## ड्राइव्ह ओळखला जाण्याची प्रक्रिया

ड्राइव्ह इन्स्टॉलरच्या यादीत येण्यासाठी तीन पायऱ्या पार पडाव्या लागतात.

पहिली पायरी भौतिक जोडणीची. सॅटा ड्राइव्हला दोन जोडण्या लागतात: माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ७ पिनांची आणि विजेसाठी १५ पिनांची. एम.२ प्रकारची एसएसडी मदरबोर्डवरील एकाच स्लॉटमधून वीज व माहिती दोन्ही घेते.

दुसरी पायरी फर्मवेअरची. संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील बायोस किंवा यूईएफआय हा मूलभूत कार्यक्रम जोडलेल्या साधनांची चाचपणी करतो आणि ती आपल्या यादीत नोंदवतो. या वेळी संचालन प्रणालीचा संबंधही आलेला नसतो.

तिसरी पायरी ड्रायव्हरची. इन्स्टॉलर ही स्वतःच एक छोटी संचालन प्रणाली असते. फर्मवेअरने ड्राइव्ह पाहिला एवढ्याने तिचे भागत नाही. ड्राइव्ह ज्या नियंत्रकाच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, मागे आहे त्या नियंत्रकाशी बोलता येणारा ड्रायव्हर तिच्यापाशी असावा लागतो. ड्रायव्हर नसेल तर नियंत्रक बंद दारासारखा राहतो व त्यामागील ड्राइव्ह असूनही नसल्यासारखा होतो.

यावरून निदानाचे मुख्य सूत्र निघते. ड्राइव्ह फर्मवेअरलाही दिसत नसेल तर दोष बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांत, म्हणजे जोडणी, स्लॉट, फर्मवेअरची मांडणी किंवा खुद्द ड्राइव्ह यांत असतो. फर्मवेअरला दिसतो पण इन्स्टॉलरला दिसत नाही, असे असेल तर दोष बहुधा तिसऱ्या पायरीवर असतो.

## इतिहास

ही अडचण साठवण तंत्रज्ञान आणि संचालन प्रणाली यांच्या वेगवेगळ्या गतीतून निर्माण झाली आहे. इन्स्टॉलरमध्ये तो तयार होईपर्यंतचे ड्रायव्हर असतात. त्यानंतर आलेले नियंत्रक त्याला अपरिचित असतात.

विंडोज एक्सपी २००१ साली आले. सॅटा नियंत्रकांसाठीची एएचसीआय ही पद्धती त्यानंतर आली. त्यामुळे एएचसीआय पद्धतीने चालणाऱ्या संगणकावर एक्सपी बसवताना ड्राइव्ह सापडत नसे, किंवा ७बी या क्रमांकाने ओळखली जाणारी निळ्या पडद्याची त्रुटी येई. स्थापनेच्या आरंभी एफ ६ ही कळ दाबून फ्लॉपी डिस्कवरून ड्रायव्हर देणे हा त्यावरील अधिकृत मार्ग होता. फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर बायोसमध्ये जुनी आयडीई पद्धती निवडणे किंवा ड्रायव्हर मिसळून स्थापनेची नवी सीडी तयार करणे, असे पर्याय योजले जात. विंडोज व्हिस्टापासून सीडी व यूएसबी साधनांवरूनही ड्रायव्हर देण्याची सोय झाली.

एनव्हीएमई पद्धतीच्या एसएसडी आल्यावर हाच प्रकार पुन्हा घडला. एनव्हीएमईचे पहिले मानक मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. मायक्रोसॉफ्टने तो पुढे स्वतंत्र सुधारणेच्या रूपाने दिला. विंडोज ८.१ मध्ये तो मुळातच समाविष्ट होता. लिनक्सच्या गाभ्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून आहे.

२०१६ साली लेनोव्हो कंपनीच्या योगा ९०० मालिकेतील एका लॅपटॉपमुळे हा विषय चर्चेत आला. त्याच्या फर्मवेअरमध्ये साठवण नियंत्रक रेड पद्धतीवर ठेवलेला होता आणि ती बदलण्याचा पर्याय वापरकर्त्याला उपलब्ध नव्हता. परिणामी लिनक्सच्या इन्स्टॉलरला अंतर्गत एसएसडी दिसत नसे. लिनक्सला हेतुपुरस्सर अटकाव केल्याचा आरोप झाला. कंपनीने तो नाकारला आणि पुढे एएचसीआयचा पर्याय देणारे फर्मवेअर उपलब्ध केले.

२०२० पासून इंटेलच्या ११ व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांसह लॅपटॉपांत व्हीएमडी ही सुविधा आली. सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरांत ती आधीपासून होती. व्हीएमडी सुरू असताना एनव्हीएमई ड्राइव्ह प्रोसेसरमधील एका स्वतंत्र नियंत्रकाच्या मागे जातात. त्याचा ड्रायव्हर नसलेल्या विंडोजच्या स्थापना-प्रतीला त्यामुळे एकही ड्राइव्ह दिसत नाही. अलीकडच्या लॅपटॉपांवर ही अडचण येण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

## कारणे

### ड्रायव्हरचा अभाव

ड्राइव्ह फर्मवेअरमध्ये दिसत असेल तर सर्वप्रथम याच कारणाचा विचार केला जातो. इंटेलच्या संगणकांत व्हीएमडी किंवा रॅपिड स्टोरेज तंत्रज्ञान सुरू असणे, सर्व्हरमध्ये स्वतंत्र रेड कार्ड असणे, किंवा नव्या संगणकावर जुनी स्थापना-प्रत वापरणे ही त्याची नेहमीची रूपे होत.

लिनक्समध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर २०१६ पासून गाभ्यातच आहे. तथापि व्हीएमडीपूर्वीच्या इंटेल संगणकांतील रेड पद्धतीत एनव्हीएमई ड्राइव्ह सॅटा नियंत्रकाच्या आड दडवला जातो. अशा वेळी लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींत अशा ड्राइव्हांची संख्या आणि रेडऐवजी एएचसीआय पद्धती निवडण्याची सूचना आढळते.

टी२ चिप असलेल्या ॲपल संगणकांवर लिनक्सला अंतर्गत एसएसडी न दिसण्याचे कारणही याच जातीचे होते. त्यांतील साठवण नियंत्रक एनव्हीएमईच्या मानकापासून काही बाबतींत वेगळा वागतो. लिनक्सच्या गाभ्यात त्याची दखल २०१९ मधील ५.४ या आवृत्तीपासून घेतली गेली.

### स्लॉट आणि ड्राइव्ह यांची विसंगती

एम.२ हे आकाराचे व जोडणीचे नाव आहे, कार्यपद्धतीचे नव्हे. एम.२ आकारात सॅटा पद्धतीच्याही एसएसडी मिळतात आणि एनव्हीएमई पद्धतीच्याही. काही स्लॉट दोन्ही स्वीकारतात, काही केवळ एकच. केवळ एनव्हीएमईसाठी असलेल्या स्लॉटमध्ये सॅटा एसएसडी नीट बसते, स्क्रूही लागतो, पण संगणकाला ती दिसत नाही. नवी एसएसडी विकत घेताना होणारी ही सामान्य चूक आहे.

अनेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट आणि काही सॅटा पोर्ट यांची वाहिनी सामाईक असते. एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवताच विशिष्ट सॅटा पोर्ट बंद पडतात आणि तोपर्यंत चालणारी जुनी हार्ड डिस्क अचानक नाहीशी होते. कोणते पोर्ट बंद होतात याचा तक्ता मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतो.

काही वेळा स्लॉटचे कार्य प्रोसेसरवरही अवलंबून असते. इंटेलच्या झेड५९० मदरबोर्डांवर ११ व्या पिढीच्या प्रोसेसरशी थेट जोडलेला एक एम.२ स्लॉट असतो. त्याच मदरबोर्डवर १० व्या पिढीचा प्रोसेसर बसवल्यास त्या प्रोसेसरपाशी तेवढ्या वाहिन्या नसल्याने तो स्लॉट निष्क्रिय राहतो.

### जोडणी आणि वीज

सैल किंवा खराब केबल, स्लॉटमध्ये अर्धवट बसलेली एसएसडी, जोडणीवरील धूळ वा गंज यांमुळे ड्राइव्ह फर्मवेअरलाही दिसत नाही, किंवा कधी दिसतो तर कधी नाही. लॅपटॉप उघडून दुरुस्त केल्यानंतर ही अडचण आल्यास जोडणीकडेच प्रथम पाहिले जाते.

विजेच्या जोडणीतील एक कारण सहसा लक्षात येत नाही. सॅटाच्या ३.३ या आवृत्तीत विजेच्या तिसऱ्या पिनेवरून ड्राइव्ह दुरून बंद करण्याची सोय करण्यात आली. जुन्या वीजपुरवठा संचांतून त्या पिनेवर सतत ३.३ व्होल्ट दाब येतो. ही सोय असलेला ड्राइव्ह त्याचा अर्थ 'बंद राहावे' असा घेतो आणि फिरतच नाही. त्या पिनेवर दाब न देणारी केबल वापरल्यास असा ड्राइव्ह सुरू होतो.

### फर्मवेअरची मांडणी

बायोस किंवा यूईएफआयमध्ये एखादा सॅटा पोर्ट वा एम.२ स्लॉट बंद ठेवता येतो. तो तसा राहिल्यास उत्तम ड्राइव्हही दिसत नाही. मदरबोर्डपेक्षा ड्राइव्ह बराच नवा असेल तर फर्मवेअर अद्ययावत करण्याची गरजही पडू शकते.

### ड्राइव्हमधील बिघाड

वरील कारणे नसतील तर ड्राइव्ह स्वतः नादुरुस्त असण्याची शक्यता विचारात घेतली जाते. हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने येणारा टकटक आवाज, फर्मवेअरमध्ये ड्राइव्हचे नाव विकृत दिसणे किंवा क्षमता शून्य वा भलतीच दिसणे ही त्याची लक्षणे होत.

मात्र ड्राइव्हमधील बिघाड म्हणजे माहितीचा नाश असेही नाही. सीगेट कंपनीच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतील काही हार्ड डिस्क संगणक सुरू करताना अचानक प्रतिसाद देईनाशा होत आणि बायोसला त्या दिसत नसत. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने हा दोष मान्य केला. तो ड्राइव्हच्या अंतर्गत फर्मवेअरमध्ये होता. तबकड्यांवरील माहिती शाबूत होती. कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले व माहिती परत मिळवण्यासाठी साहाय्य देऊ केले.

## निदान

निदानाचा क्रम बाहेरून आत न जाता पायऱ्यांप्रमाणे ठेवल्यास वेळ वाचतो.

१. फर्मवेअरची यादी पाहणे. संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबून बायोस किंवा यूईएफआय उघडता येते. एफ २, डिलीट, एफ १० यांपैकी एखादी कळ त्यासाठी असते. तेथील साठवण साधनांच्या यादीत ड्राइव्हचे नाव व क्षमता पाहावी. केवळ बूट क्रमाची यादी पाहणे पुरेसे नसते. कोऱ्या ड्राइव्हचे नाव तीत नसू शकते.

२. इन्स्टॉलरला काय दिसते ते पाहणे. विंडोजच्या स्थापनेत शिफ्ट व एफ १० या कळा एकत्र दाबल्यास आज्ञा देण्याची खिडकी उघडते. तेथे 'डिस्कपार्ट' व त्यानंतर 'लिस्ट डिस्क' ही आज्ञा दिल्यास आढळलेल्या ड्राइव्हांची यादी मिळते. या आज्ञेने ड्राइव्हवर काहीही बदल होत नाही. लिनक्समध्ये 'एलएसबीएलके' ही आज्ञा ड्राइव्हांची आणि 'एलएसपीसीआय' ही आज्ञा नियंत्रकांची यादी देते. नियंत्रक दिसतो पण ड्राइव्ह नाही, असे असल्यास नियंत्रकाची पद्धती व ड्रायव्हर तपासावा.

३. दुसऱ्या संचालन प्रणालीने पडताळा घेणे. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, संगणक सुरू करता येतो. विंडोजच्या इन्स्टॉलरला न दिसणारा ड्राइव्ह लिनक्सला दिसल्यास ड्राइव्ह व त्याची जोडणी ठीक असून ड्रायव्हरचीच उणीव आहे हे सिद्ध होते.

४. अदलाबदल करून पाहणे. ड्राइव्ह फर्मवेअरलाही दिसत नसल्यास संगणक बंद करून, वीज पूर्ण तोडून, केबल, पोर्ट किंवा स्लॉट बदलून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलल्यास कारण निश्चित होते. तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालल्यास दोष पहिल्या संगणकात असतो.

## उपाय

### ड्रायव्हर पुरवणे

विंडोजमध्ये हा सर्वांत निर्धोक उपाय मानला जातो, कारण त्यात फर्मवेअरची कोणतीही मांडणी बदलावी लागत नाही. संगणक किंवा प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून साठवण नियंत्रकाचा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवला जातो आणि ड्राइव्हांच्या यादीच्या पडद्यावरील 'लोड ड्रायव्हर' हा पर्याय निवडून तो दाखवला जातो.

येथे दोन गोष्टींमुळे अपयश येते. एक म्हणजे संकेतस्थळावरून मिळणारी एकसंध सेटअप फाइल इन्स्टॉलरला चालत नाही. तिच्यातील सुट्या फाइली बाहेर काढलेले फोल्डर त्याला लागते. दुसरी म्हणजे इंटेलच्या ड्रायव्हरच्या आवृत्त्या प्रोसेसरच्या पिढीनुसार वेगवेगळ्या असतात. सर्वांत नवी आवृत्ती जुन्या पिढीला लागू पडतेच असे नाही. योग्य ड्रायव्हर निवडताच ड्राइव्ह यादीत अवतरतो.

### नियंत्रकाची पद्धती बदलणे

फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करणे किंवा रेडऐवजी एएचसीआय पद्धती निवडणे हा दुसरा उपाय होय. लिनक्ससाठी, विशेषतः व्हीएमडीपूर्वीच्या इंटेल संगणकांवर, बहुधा हाच करावा लागतो. उबुंटूचा इन्स्टॉलर रॅपिड स्टोरेज तंत्रज्ञान सुरू आढळल्यास ते बंद करण्यास सुचवतो.

ज्या संगणकावरील विंडोज कायम ठेवून शेजारी लिनक्स बसवायचे आहे, तेथे हा बदल विचारपूर्वक करावा लागतो. जुन्या पद्धतीवर बसवलेले विंडोज पद्धती बदलल्यानंतर सुरूच न होण्याची शक्यता असते. त्यासाठी आधी विंडोज पुढील वेळी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी मांडणी करावी, मग फर्मवेअरमधील पद्धती बदलावी, सेफ मोडमध्ये विंडोजला नवा ड्रायव्हर स्वीकारू द्यावा आणि शेवटी सेफ मोड काढून टाकावा, असा क्रम पाळला जातो. बदलानंतर अडथळा आल्यास पूर्वीची पद्धती पुन्हा निवडल्याने विंडोज सहसा पूर्ववत सुरू होते. अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून केलेला खरा रेड संच असेल तर मात्र ही पद्धती बदलू नये.

### स्थापना-प्रत बदलणे

नव्या संगणकावर संचालन प्रणालीची अद्ययावत प्रत वापरल्यास ड्रायव्हर वेगळा देण्याची गरज पुष्कळदा राहत नाही.

## माहितीची सुरक्षितता

ज्या ड्राइव्हवर छायाचित्रे, प्रबंध, हिशेब यांसारखी जपण्याजोगी माहिती आहे, त्याच्या बाबतीत ड्राइव्ह दिसू लागण्याचा क्षणच सर्वाधिक जोखमीचा असतो. बऱ्याच खटपटीनंतर यादीत अवतरलेला ड्राइव्ह पाहून घाईने 'फॉरमॅट' किंवा 'डिलीट' निवडले जाते. एकाहून अधिक ड्राइव्ह असल्यास केवळ क्रमांकावर न विसंबता क्षमता व विभाजनांवरून योग्य ड्राइव्ह ओळखणे आवश्यक असते. 'डिस्कपार्ट'मधील 'क्लीन' ही आज्ञा पुन्हा न विचारता निवडलेल्या ड्राइव्हवरील विभाजनांची नोंद पुसून टाकते. ड्राइव्ह 'दिसावा' म्हणून ती वापरण्याचे प्रयोजन नाही.

बिटलॉकरने कूटबद्ध केलेल्या विंडोज संगणकावर फर्मवेअरमधील मांडणी बदलल्यास पुढील वेळी ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागितली जाऊ शकते. अनेक लॅपटॉपांवर हे कूटबद्धीकरण वापरकर्त्याच्या नकळत सुरू झालेले असते. ती किल्ली बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते, पण ती हाताशी नसल्यास स्वतःचीच माहिती स्वतःला वाचता येत नाही. म्हणून बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी ही किल्ली मिळवून कागदावर उतरवून ठेवणे इष्ट ठरते.

ड्राइव्ह फर्मवेअरला दिसत नसेल आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर संगणक वारंवार सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक तबकड्यांची हानी वाढू शकते. माहिती महत्त्वाची असल्यास असा ड्राइव्ह तसाच बंद ठेवून माहिती पुनर्प्राप्तीच्या जाणकारांकडे सोपवला जातो. याउलट ड्राइव्ह फर्मवेअरमध्ये आपल्या नावानिशी व पूर्ण क्षमतेसह दिसत असेल, तर दुरुस्तीचा किंवा नव्या ड्राइव्हचा खर्च करण्यापूर्वी ड्रायव्हर व नियंत्रकाची पद्धती तपासणे योग्य ठरते.

## हे सुद्धा पहा

* संचालन प्रणाली
* यूईएफआय
* हार्ड डिस्क
* एसएसडी
* एनव्हीएमई
* विभाजन-सारणी